लोखंडी रंधा : तीन पेटंट तारखा, गालावर 'जी.आय.पी.आर.', नक्की कधीचा?

गिरमिट

एक लोखंडी रंधा ओळखायचा आहे. कंपनीचा अंदाज आहे, सालाचा गुंता सुटत नाही. खुणा दिसतात तशा देतो.

लांबी १४ इंच, पातं २ इंच रुंद. पुढच्या मुठीच्या पुढे बिडातच ओतलेलं, उठावाचं 'बेली'. 'नं. ५' हेही उठावाचंच. फ्रॉगच्या (पातं ज्यावर टेकतं तो बिडाचा तुकडा) मागे, पितळी चाकीच्या खालच्या जागेत तीन तारखा एकाखाली एक : मार्च-२५-०२, ऑगस्ट-१९-०२, एप्रिल-१९-१०. 'मेड इन अमुक' असं कुठेही नाही.

पात्यावर 'स्टॅनली' आणि हृदयाच्या आकृतीत 'एस डब्ल्यू'. लिव्हर कॅपवरही (पातं दाबून धरणारं वरचं झाकण) 'स्टॅनली', आणि कॅपचं स्क्रूचं भोक सरळ नाही, राजम्याच्या दाण्यासारखं बाकदार आहे. पुढची मूठ उंच आहे. खोली कमीजास्त करायची पितळी चाकी लहान, कॅलिपरवर २५ मिमीच्या आसपास. डाव्या गालावर, म्हणजे अंगाच्या उभ्या बाजूवर, ठोकलेली अक्षरं : जी.आय.पी.आर. (रेल्वेची असावीत), खाली तीन आकडी नंबर.

हा १९०२ चा धरायचा की १९१० चा? की रेल्वेच्या कारखान्यातच बनलेला? सोबत एक १७ इंची लाकडी रंधाही आहे, पाचरीचा. त्याच्या पात्यावर 'कास्ट स्टील' आणि शेफिल्डचं नाव आहे. मग रंधाही शेफिल्डचा का? दोन्ही गंजलेले आहेत, अजून हात लावलेला नाही.

वाकस

हात लावला नाहीत हे उत्तम. आधी लोखंडी.

१४ इंच लांबी आणि २ इंच पातं म्हणजे पाच नंबर, जॅक रंधा. याच घराण्यात चार नंबर ९ इंची, सहा नंबर १८ इंची, सात नंबर २२ इंची आणि आठ नंबर २४ इंची. 'बेली' हे कंपनीचं नाव नव्हे. लेनर्ड बेली या माणसाची ही रचना. त्याची पेटंटं अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅनली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये घेतली. तुमचा रंधा या कंपनीचा.

आता तारखा. त्या पेटंटच्या आहेत, उत्पादनाच्या नाहीत. अमेरिकी पद्धत आधी महिना, मग दिवस, मग साल, म्हणजे शेवटची तारीख १९ एप्रिल १९१०. तिचा अर्थ इतकाच की हे बीड त्याआधी ओतलेलं असू शकत नाही. पुढे किती वर्षं तोच साचा चालला हे दुसरीकडून काढावं लागतं. मागच्या अंगावर दोनच तारखा (दोन्ही १९०२ च्या) असत्या तर १९०२ ते १९०९ म्हटलं असतं. तीन तारखा म्हणजे साधारण १९१० ते १९२४. १९२५ पासून एकटी १९१० चीच उरते, आणि १९३१ च्या सुमाराला तीही जाऊन 'मेड इन यू.एस.ए.' येतं. तुमच्याकडे ते नाही, म्हणजे हेही जुळतं.

संग्राहकांनी या रंध्यांचे 'टाइप' पाडलेत. १९१० ते १९१८ टाइप ११, १९१९ ते १९२४ टाइप १२. हे आकडे नंतरच्या लोकांनी जुन्या रंध्यांवरून बसवलेले आहेत, कारखान्याने कधी वापरले नाहीत. गोदामात उरलेला जुना माल नव्या रंध्यावर चढवला जायचा, त्यामुळे सीमेवर दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरायची. शिवाय ही टाइपची कोष्टकं बेलीच्या एक ते आठ नंबरांच्या रंध्यांसाठी आहेत. ६०० च्या आकड्याच्या बेड रॉकला (स्टॅनलीचीच वेगळी मालिका), ब्लॉक प्लेनला (लहान, एका हाताचा रंधा) किंवा ७८ नंबरच्या रिबेट रंध्याला ती लावली की गोंधळ होतो. 'टाइप ११ चा ब्लॉक प्लेन' असं वर्णन वाचलंत तर पुढे वाचू नका.

टाइप ११ आणि १२ चं अंग सारखंच. फरक दोन ठिकाणी : ११ मध्ये पुढची मूठ बुटकी आणि चाकी १ इंचाची, १२ मध्ये मूठ उंच आणि चाकी सव्वा इंचाची. तुमच्याकडे मूठ १२ ची आणि चाकी ११ ची. म्हणजे दोनपैकी एक बाहेरून आलेली आहे.

पातं आणि कॅप सालासाठी बाजूला ठेवा. हृदयातलं 'एस डब्ल्यू' म्हणजे स्टॅनली वर्क्स, आणि हृदय हा विल्यम हार्ट या त्यांच्या अध्यक्षाच्या आडनावावरचा श्लेष. रूल अँड लेव्हल कंपनी १९२० मध्ये स्टॅनली वर्क्समध्ये विलीन झाली, त्यामुळे ही खूण त्यानंतरची, साधारण १९३५ पर्यंतची. राजम्याच्या आकाराचं भोक १९३३ पासूनचं, त्याआधीचं भोक किल्लीच्या भोकासारखं दोन्ही बाजूंनी सारखं असे. म्हणजे अंग एका काळचं, पातं दुसऱ्या काळचं, कॅप तिसऱ्या काळची. यात फसवणूक असेलच असं नाही. रोज चालणाऱ्या जॅक रंध्याचं पातं धार लावून लावून संपतं, आणि कॅप खाली पडली की तुटते. जे स्क्रू काढला की सुटतं त्यावरून साल सांगू नये. ओतलेलं बीड तेवढं साक्षीला घ्यायचं.

आता एवढं बघून सांगा. पुढची मूठ काढा. आतल्या सळईचे आटे कसले आहेत? लाकूड कोणतं, भोक सरळ आहे का? फ्रॉगच्या मागच्या बाजूला, चाकीच्या खाली, फ्रॉग पुढेमागे करायचा स्क्रू आहे का?

गिरमिट

फ्रॉगचा स्क्रू आहे. पुढची मूठ काढली : सळईला वरच्या टोकाला नेहमीचे ६ मिमीचे आटे आणि वर साधा षट्कोनी नट, पितळी नाही. खालचं टोक अंगात घट्ट रुतलंय, फिरत नाही. भोक थोडं तिरकं. लाकूड गडद, काळपट जांभळ्या रेघांचं. मागच्या मुठीचं लाकूड जास्त तांबूस आहे, तिला दोन स्क्रू आहेत, एक उभी लांब सळई आणि एक पुढच्या पायाशी.

वाकस

मग मूठ इथली आहे. स्टॅनलीच्या मुठीच्या सळईचे आटे त्यांचे स्वतःचे, १२-२० म्हणतात ते, आणि वर पितळी पोकळ नट असतो. ६ मिमीचे आटे त्या कारखान्यातून आलेले नाहीत. बुटकी मूठ फुटली, कोणीतरी शिसवीची उंच मूठ लेथवर काढून बसवली. शिसवी आणि मूळ रोझवुड दोन्ही एकाच डॅल्बर्जिया गटातले, म्हणून दुरून फसायला होतं. मागची मूठ मूळची वाटते. पाच नंबरपासून पुढे दुसरा स्क्रू असतो, चार नंबरला नसतो.

लहान चाकी मूळचीच धरायला हरकत नाही, कारण चाकी सहसा कोणी बदलत नाही. म्हणून माझं मत : टाइप ११, १९१० ते १९१८. पातं नंतरचं, कॅप १९३३ नंतरची, पुढची मूठ आणखी नंतरची. फ्रॉगचा स्क्रू १९०७ पासूनचा, तोही यात बसतो.

खाली रुतलेल्या सळईला पक्कड लावू नका. बिडातले ते आटे मूळ १२-२० चेच असणार, आणि ६ मिमीची सळई त्यात ठोकून किंवा डाख देऊन बसवलेली असू शकते. मूळ मापाचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) न मिळाल्यास मेट्रिक टॅप चालवायचा मोह टाळा. लिव्हर कॅपच्या स्क्रूचंही तेच. तो ९/३२ इंच, २४ आट्यांचा, म्हणजे ७.१ मिमी. सात मिमीचा टॅप दीड फेरा गोडीत जातो आणि मग बिडाचे आटे खातो.

पटाशी

रेल्वेच्या अक्षरांबद्दल. उठावाची अक्षरं म्हणजे साच्यात ओतलेली, ती निर्मात्याची. खोलगट, ठोकलेली अक्षरं नंतरची, ती मालकाची. जी.आय.पी.आर. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. तिने रंधा बनवला नाही. कारखान्याच्या हत्यारांवर मालकीचा ठसा मारला आणि खाली नोंदीचा नंबर.

पण हा ठसा सालासाठी कामाचा आहे. पेटंटची तारीख 'याच्या आधी नाही' सांगते, ठसा 'याच्या नंतर नाही' सांगतो. जी.आय.पी. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे हत्यार त्याआधी रेल्वेच्या ताब्यात आलेलं. १ जुलै १९२५ ला सरकारने कारभार हातात घेतला तरी नाव तेच राहिलं, त्यामुळे १९२५ वरून काही ठरत नाही. परळचं वर्कशॉप १८७९ चं, माटुंग्याचं डबे-वाघिणींचं १९१५ चं. लाकडी डब्यांच्या काळात सुतारकाम भरपूर होतं, तिथे जॅक रंधा दिसणं अगदी स्वाभाविक. कोणत्या वर्कशॉपचा हे नुसत्या चार अक्षरांवरून ठरत नाही. अक्षरांच्या आजूबाजूला आणखी एखादं अक्षर पुसटसं आहे का ते तिरप्या उजेडात बघा.

एक शंका मात्र घ्यायचीच. रेल्वेचं नाव असलं की भाव चढतो, म्हणून नवे पंच मारलेले नगही बाजारात फिरतात. भिंगाने अक्षराच्या तळाशी बघा. जुन्या ठशात गंजाचा रंग आणि पोत आजूबाजूसारखाच असतो, कडा झिजून गोलावलेल्या असतात. नव्या ठशाच्या कडेला धातूची बारीक ओठी उभी राहते, बोटाला लागते, आणि तळ एक तर चमकतो किंवा वरून लावलेला एकसारखा तपकिरी दिसतो. आणखी एक सोपी खूण : गाल पूर्वी कधी घासून सपाट केला असेल तर जुना ठसा काही ठिकाणी उथळ, काही ठिकाणी खोल होतो. घासलेल्या गालावर सगळी अक्षरं सारख्याच खोलीची असतील तर ती घासल्यानंतर मारलेली.

लष्करी हत्यारांवर तीन रेघांचा बाण दिसतो, ब्रिटिश सरकारी मालाची खूण. हिंदुस्थानच्या सैन्याच्या मालावर बाणासोबत 'आय' असे. तो तुमच्याकडे नाही, पण अक्षरांशेजारी शोधताना डोक्यात असू द्या.

गिरमिट

भिंगाने बघितलं. तळ काळा, कडा गोल, 'आर'चा पाय जवळजवळ झिजून गेलाय. आणि 'पी'च्या खाली एक जुनी सरळ रेघ, ठशाच्या आरपार गेलेली.

पटाशी

ओरखडा ठशावरून गेलाय, म्हणजे ठसा ओरखड्याच्या आधीचा. खरा धरा.

करवत

लाकडी रंध्याबद्दल. पात्यावरचं नाव पातं बनवणाऱ्याचं. रंधा बनवणारा वेगळा आणि पातं बनवणारा वेगळा, हे ब्रिटनमध्ये नेहमीचं होतं. लंडन, ग्लासगो, यॉर्क, कुठलाही रंधा असो, पातं बहुतेक वेळा शेफिल्डचं. म्हणून 'वॉर्ड अँड पेन' किंवा 'मार्पल्स' पात्यावर दिसलं तर त्यावरून फक्त पात्याचं कूळ कळतं. 'कास्ट स्टील' म्हणजे बीड नव्हे, मुशीत वितळवून केलेलं पोलाद. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात ती रीत काढली आणि विसाव्या शतकापर्यंत ती अक्षरं ठोकली जात होती. त्यांच्यावरून साल काढता येत नाही.

रंध्याच्या निर्मात्याचा ठसा बघायचा तो पुढच्या टोकाच्या आखूड तोंडावर. तिथे मध्यभागी, एकदाच, नीट ओळीत. मालकाचं नाव कुठेही असतं, तिरकं, आणि बऱ्याचदा तेच नाव तीन-चार ठिकाणी, मागच्या टोकावर, वरच्या अंगावर, कधी पाचरीवरही. एका रंध्यावर तीन वेगळी नावं सापडली तर तीन मालक झाले. जिथे चंद्रकोर आणि चांदणी दिसेल तो ग्लासगोचा मॅथिसन.

ठसा मळाने किंवा तेलाने भरलेला असेल तर सँडपेपर मारू नका, लाकडातली अक्षरं अर्धा मिमीसुद्धा खोल नसतात. पांढऱ्या खडूची पूड बोटाने चोळा, जादा फुंकून टाका, टॉर्च आडवा धरून फोटो काढा. अक्षरं वाचता येतात आणि पूड कोरड्या ब्रशने निघते.

लाकूड कोणतं तेही सांगा. युरोपातला रंधा बीचचा असतो : फिकट तपकिरी, आणि उभ्या बाजूवर बारीक चकचकीत ठिपके-रेघा. सागवान, शिसव किंवा बाभूळ असेल तर अंग इथल्या सुताराने केलंय आणि शेफिल्डचं पातं बाजारातून आणून बसवलंय. आपल्याकडे हे सर्रास होतं. अशा रंध्याला निर्मात्याचा ठसा नसणं साहजिक.

पातं बाजूने मोजा. धारेकडे जाड आणि वरच्या टोकाला पातळ असेल तर जुन्या पद्धतीचं निमुळतं पातं, लाकडी रंध्यासाठीच केलेलं. दोन्हीकडे सारखं असेल तर ते नंतरचं किंवा लोखंडी रंध्याचं घालून चालवलेलं. मग पाचर नीट बसत नाही, रंधताना पातं मागे सरकतं आणि तोंडात भुसा तुंबतो. लोक हातोडीने पाचर आणखी ठोकतात आणि पाचरीच्या खाचेची लाकडी कड फुटते. तुमची ती कड शाबूत आहे का बघा, अंग तिथेच पहिलं जातं.

गिरमिट

ठिपके-रेघा आहेत, म्हणजे बीच. पुढच्या टोकावर खडू चोळल्यावर फक्त '...अँड सन' एवढंच उठलं, त्याच्या वर काहीतरी गोल आहे. पातं खाली ४.५ मिमी, वर ३ मिमी.

करवत

निमुळतं, म्हणजे पातं योग्य जातीचं. 'अँड सन' अनेकांना लागायचं, त्यावर थांबू नका. ती गोल आकृती चंद्रकोर असेल तर उकल झाली. टोकावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा, चार कोनांतून चार कागद करा आणि एकावर एक ठेवून उजेडात बघा. एका कागदात न दिसलेलं अक्षर दुसऱ्यात दिसतं.

वाकस

आता साफसफाई. लोखंडी रंधा सोडवायचा क्रम : लिव्हर कॅप, मग पातं आणि चिपब्रेकर (पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी) एकत्र, मग फ्रॉगचे दोन स्क्रू, मग फ्रॉग. सुटायला तयार नसलेल्या स्क्रूवर रात्रभर डिझेल. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेच्या रुंदीएवढं आणि खाचेत तळापर्यंत बसणारं हवं. लहान टोकाने खाच एकदा तिरकी झाली की संपलं.

पितळी चाकीचे आटे उलटे आहेत. म्हणजे मागून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवली की ती बाहेर येते. नेहमीच्या सवयीने उलटीकडे जोर केला तर ती आत जाऊन अडते आणि फ्रॉगमधला दुशिंगी काटा तुटतो. हा काटा बिडाचा, डाखाला नीट धरत नाही.

गंजासाठी आधी डिझेल आणि पितळी ब्रश. पोलादी वायरचा ब्रश ग्राइंडरवर लावून फिरवू नका, तारखांच्या ओळीतलं काळं जाड रोगण त्याने उडतं आणि मूळ अंगाची ओळख जाते. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून गंज काढण्याची पद्धत पात्यावर छान चालते, पण रंध्याच्या अंगावर तेच काळं रोगण फुगून सुटतं. पात्याला करायचं असेल तर पातं ऋण टोकाला, धन टोकाला साधं लोखंड, स्टेनलेस अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. खोलीत खेळती हवा ठेवा.

तळ सपाट करण्याची घाई करू नका. आधी तडा आहे का बघा. फ्रॉग आणि मुठी काढून अंग दोरीवर टांगा, लाकडाच्या तुकड्याने हलकं टिचका. अखंड बीड घंटेसारखं टणत्कारतं, तडा असेल तर भद्द वाजतं. तडा बहुतेक तोंडाच्या कोपऱ्यातून गालाकडे चढतो. तिथे पिवळसर रेघ दिसली तर पूर्वी कोणी पितळेचा डाख दिलाय. असा रंधा काम करतो, पण पुन्हा पडला तर तिथेच तुटतो.

पुसून झाल्यावर शिवणयंत्राचं तेल. जवसाचं तेल लोखंडावर लावू नका, वाळून चिकट पापुद्रा धरतं. तळाला मेणबत्ती घासा.

कॅप बदलायची गरज नाही, ती १९३३ नंतरची असली तरी नीट दाबते. मूळ काळाची सरळ भोकाची कॅप मिळाली तर बसवा, आणि ही फेकू नका, तिचा स्क्रू तोच आहे.

गिरमिट

टांगून टिचकलं. तडा नाही, स्वच्छ वाजतो. कागद घासल्यावर लाकडी रंध्यावर चंद्रकोर स्पष्ट आली, शेजारी पाच टोकांची चांदणी, आणि 'ग्लास' एवढी अक्षरं.

करवत

मॅथिसन, ग्लासगो. तिथून पुढे बाजूचा पत्ता वाचता आला तर साल आणखी अरुंद होईल. कारखान्याचे पत्ते बदलत गेले, पण त्यासाठी पाचवा कागद लागेल, डाव्या कोपऱ्यातून.